हवाई अंतर

विटा स्टँडासमोर माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, विमानाची तिकिटं.
तालुक्यात विमानतळ नाही,
तरी विमानात बसलेलं माणूस
घरटी एक तरी निघतं.
सोनं गाळायला गेलेले सगळे,
कोण अमृतसरला, कोण मदुराईला.
जत्रेला येतात, बारशाला येतात,
जाताना माझ्याकडून तिकीट काढतात,
खिडकीचं.

मार्चातल्या एका दुपारी शालनताई आल्या.
पिशवीत लग्नपत्रिकांचा गठ्ठा, सुतळीसुद्धा न सोडलेला.
म्हणाल्या, गुवाहाटीपासनं कालिकत किती लांब हाय?
जायचंय कुणाला?
कुणालाच न्हाय. नुसतं सांग.

पडद्यावर रेघ उमटली.
सुमारे तेवीसशे किलोमीटर,
सरळ उडालं तर साडेतीन तास,
पण सरळ उडणारं विमान काही दिसेना.
ताईंनी खुर्ची ओढली, पदरानं चष्मा पुसला,
रेघेवर बोट ठेवलं आणि खाली सरकवत नेलं
ओरिसाच्या किनाऱ्याच्या जरा पुढं.
ही मधोमध?
होय.
हितं आपलं कोण हाय?
कुणी नाही.
आन विटा?
विटा त्या रेघेपासून
कितीतरी डावीकडं होतं.

गुवाहाटीत अधिकराव, कालिकतात जालिंदर.
एका भट्टीपुढं बसून शिकलेले,
एका ताटात जेवलेले.
भागीदारीत नऊ तोळ्यांचा हिशेब लागला नाही
त्याला अकरा वर्षं झाली.
तोळ्याला वर्षाहून जास्त पडलं.

पोरीच्या मागं मामा उभा ऱ्हायला पायजे, ताई म्हणाल्या.
आधी येईल त्यो म्हणणार, मी वाट बघितली.
मागनं येईल त्यो म्हणणार, माझ्यासाठी कोण थांबलं?
तू असं कर,
दोघांस्नी एकाच टायमाला उतरव.

तीन दिवस मी आकाश जुळवत बसलो.
एकाला कलकत्त्यात पाच तास बसवलं,
दुसऱ्याला बेंगळुरूमार्गे पहाटेचं उठवलं,
तरी पुण्यात बारा मिनिटांचा फरक राहिलाच.
चालतंय, ताई म्हणाल्या,
तेवढी मिन्टं बॅगा यायला लागत्यात.
गाडी मात्र एकच. दस्तगीरची.
हे दोघांनाही सांगायचं नव्हतं.

पुढचं दस्तगीरनं सांगितलेलं.

कात्रजला दोघं दोन खिडक्यांतनं बाहेर.
खंबाटकीत अधिकरावांना खोकला लागला.
साताऱ्याला चहाला एक उतरला,
तो येऊन बसल्यावर दुसरा उतरला,
पैसे ज्याचे त्यानं दिले.
उंब्रज गेलं. कऱ्हाड गेलं.
कडेगावच्या अलीकडं खोकला पुन्हा उसळला,
तसा जालिंदर, बाहेर उसाकडं बघतच, म्हणाला,
अजून तेजाबाच्या धुरात उघड्या तोंडानंच बसतूस?
पंखा लावलाय.
पंख्यानं काय हुतंय.
मग विट्यापर्यंत
कुणी बोललं नाही.

एवढंच?
एवढंच, दस्तगीर म्हणाला.
दारात बॅगा मात्र दोघांच्या एकानंच काढल्या.
चुकून असंल.

लग्नानंतर आठवड्यानं ताई उरलेले पैसे द्यायला आल्या.
मी विचारलं, मागं कोण उभं राहिलं मग?
त्या नोटा मोजत होत्या.
मोजून झाल्यावर म्हणाल्या,
पोरगी काय एवढीशी न्हाय,
मागं दोघं मावत्यात.

आणि परतीची काढ.
वेगवेगळ्या दिवसांची चालतील,
आता टाइम जुळवत बसू नगं.

मी काढली.
दोघांनाही खिडकी.